मस्टर संपले, पुढे काय?

"कामच नाई, तं अर्ज कायले द्याचा, ताई?"

हा प्रश्न मला जून २०२४मध्ये पूर्णेच्या खोऱ्यातल्या एका गावात एका बाईने विचारला. त्या दिवशी मला त्याचे उत्तर नीट देता आले नाही. नंतर बरेच दिवस विचार केला तेव्हा लक्षात आले की, रोजगार हमीवरच्या बायकांना बेकारी भत्ता का मिळत नाही याचे अर्धे कारण या एका वाक्यात आहे. उरलेले अर्धे कारण टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसांकडे आहे. दोन्हींबद्दल बोलायला हवे म्हणून हा लेख.

गावाचे नाव मुद्दाम देत नाही. नाव दिले की तिथल्या बायकांना पुढचे काम मिळणे अवघड होते, हा अनुभव आहे. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या सीमेजवळचे हे गाव खारपाणपट्ट्यात येते. जमिनीतले पाणी खारे, त्यामुळे विहिरीच्या भरवशावर उन्हाळी पीक घेता येत नाही. कापसाची शेवटची वेचणी झाली, हरभरा निघाला, की पुढे जूनची पेरणी होईपर्यंत शेतात बाईच्या हाताला काम नसते. पुरुष अकोल्याला, अमरावतीला, नाहीतर पुण्याकडे बांधकामावर निघून जातात. बायका लेकरे-म्हातारी सांभाळत गावात राहतात.

त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला पांदण रस्त्याचे काम निघाले. एकोणीस बायका कामावर गेल्या. सात दिवसांचे एक मस्टर भरले, पाठोपाठ दुसरे भरले आणि काम संपले. पुढे लोकसभेची निवडणूक होती. दोन्ही जिल्ह्यांत २६ एप्रिलला मतदान झाले. बायका पंचायतीत विचारायला गेल्या तर उत्तर मिळाले, "इलेक्शन होऊन जाऊ द्या." मतदान झाले. मग सांगितले, "वरून मंजुरी याची आहे." मे महिना असाच गेला. जूनमध्ये कोणीतरी त्यांना सांगितले की काम दिले नाही तर सरकार भत्ता देते. त्या माझ्याकडे आल्या.

मी उत्साहाने भत्त्याचा अर्ज लिहिला, एकोणीस अंगठे आणि सह्या घेतल्या आणि आम्ही तालुक्याला गेलो. टेबलावरच्या माणसाने अर्ज वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "कामाची मागणी केल्याची पोच कुठं आहे?"

पोच नव्हती. मार्चमध्ये मीच त्यांच्याकडून नमुना ४ भरून घेतला होता. त्या चौदा दिवसांच्या मागणीवर त्यांना चौदा दिवस काम मिळाले होते. कॉम्प्युटरमध्ये हिशेब चोख होता : मागितलेले दिवस चौदा, दिलेले दिवस चौदा, बेकारीचे दिवस शून्य. काम संपल्यानंतर त्या तीनदा पंचायतीत गेल्या होत्या, पण तोंडी. त्याची नोंद कुठेच नव्हती.

ही चूक माझी होती. एम.एस.डब्ल्यू.ला असताना बेकारी भत्ता आम्हाला पाच गुणांच्या टीपेपुरता होता. काम मागायला मी बायकांना शिकवले, पण काम संपल्यावर पुन्हा मागायचे असते, दर वेळी मागायचे असते आणि दर वेळी पोच घ्यायची असते, हे शिकवले नाही. एकदा अर्ज दिला म्हणजे वर्षाचे झाले, अशी माझीच समजूत होती.

नुकसान किती झाले? २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोहयोची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. २००५च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अर्ज दिल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळाले नाही, तर पुढचे तीस दिवस मजुरीच्या किमान पाव आणि त्यानंतर किमान निम्मा भत्ता द्यायचा होता. पाव म्हणजे ७४ रुपये २५ पैसे. काम संपताना पुढची मागणी लेखी दिली असती आणि पाठोपाठ देत राहिलो असतो, तर तीस दिवसांचे दर बाईमागे २,२२७ रुपये ५० पैसे झाले असते. एकोणीस जणींचे मिळून बेचाळीस हजारांच्या वर. जूनमध्ये शाळा सुरू होतात, बियाणे घ्यायचे असते. त्याच महिन्यात यांतल्या एकीने कानातले गहाण टाकले. सुरुवातीचा प्रश्न तिचाच.

ती परित्यक्ता आहे. भावाकडे राहते. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, ही कायद्याची व्याख्या. म्हणून तिचे नाव भावाच्या जॉबकार्डावर. शंभर दिवसांची हमी त्या कार्डाला होती, बाईला वेगळी नव्हती. तिने किती दिवस मागायचे, हे भाऊ-भावजय ठरवतात. मी तिला म्हटले, "मावशी, काम नसते तेव्हाच अर्ज द्यायचा असतो." ती म्हणाली, "काम निघते तवा रोजगार सेवक आवाज देते. मी तं तीनदा गेली पंचायतीत. कागद कायले पाह्यजे त्याले? त्याले दिसत नाई का, मी घरीच हावो म्हून?"

मैत्रिणींनो, खरी गोष्ट ही आहे की त्याला दिसत नाही. कोणालाच दिसत नाही. गावातला पुरुष बेकार झाला की पानठेल्यावर बसतो, पारावर बसतो. चार लोक म्हणतात, "बिचाऱ्याले काम नाई." बाई बेकार झाली की घरी जाते. घरी पाणी आहे, सरपण आहे, शेण आहे, धुणे-भांडी आहेत. ती सकाळपासून रात्रीपर्यंत राबताना दिसते आणि लोक म्हणतात, "घरीच असते." मजुरी बंद झाली हे तिच्या घरातल्यांनाही पोळीच्या संख्येवरून कळते. बाईची बेकारी समाजाच्या नजरेला येत नाही, म्हणून ती कागदावर यावी लागते. नमुना ४ हा त्या बाईच्या आयुष्यातला कदाचित एकमेव कागद असेल ज्यावर लिहिलेले असते की मी मजूर आहे, मला काम हवे आहे आणि आज मला काम नाही.

हा हक्क मोठ्या मुश्किलीने आलेला आहे. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, बांध घालणाऱ्या मजुरांत बायकांची संख्या केवढी होती हे आपल्या आया-आज्या सांगतात. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर खेड्यातल्या मजुरांच्या मजुरीसाठी वापरायचा, अशी ती व्यवस्था होती. काम देता आले नाही तर बेकारी भत्ता, हे तत्त्व त्याही कायद्यात होते. पुढे २००५मध्ये केंद्राने कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ला तो ज्या जिल्ह्यांत प्रथम लागू झाला त्यांत अमरावती होता, आणि २००८पर्यंत तो देशभरच्या ग्रामीण भागात आला. मेळघाटातल्या कोरकू बायका या कामांवर हजारोंनी आल्या.

एवढे सगळे असताना भत्ता मिळाल्याचे उदाहरण शोधावे लागते. का? यामागे पैशाचे एक साधे गणित होते. २००५च्या कायद्यात अकुशल मजुरीचा पैसा केंद्राकडून यायचा, पण बेकारी भत्ता राज्याने स्वतःच्या तिजोरीतून द्यायचा होता. काम वेळेवर दिले नाही त्याचा भुर्दंड राज्याला बसावा, म्हणजे यंत्रणा हलेल, हा हेतू. हेतू चांगलाच होता. पण यंत्रणेने त्यातून वेगळीच वाट काढली. काम द्यायला उशीर झाला हे कागदावर येऊच द्यायचे नाही. मागणीच्या अर्जावर तारीख टाकायची नाही, पोच द्यायची नाही. काम हातात आले की त्या दिवशीची मागणी भरून घ्यायची. मग मागणी आणि पुरवठा बरोबर जुळतात. गावात दोन महिने चूल कशीबशी पेटत असते आणि अहवालात बेकार दिवस शून्य असतात.

यात सगळा दोष खालच्या माणसाचा आहे असे मी म्हणणार नाही. रोजगार सेवक स्वतः तुटपुंज्या मानधनावर काम करणारा, तोही एका अर्थाने तात्पुरताच. पोच दिली तर वरून झापतात, नाही दिली तर बायका बोलतात. पण त्याच्या अडचणीची किंमत एकोणीस घरांनी का मोजावी?

आता थोडे कामाचे बोलू. २००५च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात काही गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या, ज्या गावात कोणी सांगत नाही. एक, कामाचा अर्ज आगाऊ देता येत होता. म्हणजे आजचे मस्टर चालू असतानाच पुढच्या चौदा दिवसांची मागणी देण्याची सोय होती. दोन, एका बाईला एकापेक्षा जास्त अर्ज देता येत होते. अट एवढीच की त्यांतले दिवस एकमेकांवर येऊ नयेत. तीन, अर्ज गटाने देता येत होता. चार, तारखेची पोच देणे बंधनकारक होते. या चार गोष्टी एकत्र केल्या तर 'मस्टर संपले, पुढे काय' याचे उत्तर मिळते : मस्टर संपायच्या आत पुढचा अर्ज.

आणखी एक अट लक्षात ठेवण्यासारखी होती. कामावर बोलावले आणि बाई पंधरा दिवसांत हजर झाली नाही, तर तीन महिने तिचा भत्त्याचा हक्क जाई. काम मागण्याचा हक्क मात्र जात नसे. पण 'बोलावले' म्हणजे काय? निरोप जायचा कार्डावरच्या मोबाईलवर आणि तो मोबाईल असायचा पुण्यात बांधकामावर असलेल्या नवऱ्याच्या खिशात. फोन वाजला त्याच्याकडे, गैरहजेरी लागली हिची.

२०२५च्या उन्हाळ्यात त्याच गावात आम्ही वेगळ्या तऱ्हेने सुरुवात केली. मस्टरच्या दहाव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, लिंबाखाली बसून चौदा जणींनी पुढच्या पंधरवड्याचा नमुना ४ भरला. पंचायतीत नेला तर उत्तर तेच, "काम आलं की सांगतो ना, सही कायले पाह्यजे?" यावेळी बायका परत फिरल्या नाहीत. कोणी आवाज चढवला नाही. ओट्यावर बसून राहिल्या. एकीने निंबोळ्या निवडायला काढल्या. दोन तासांनी शिक्का मारलेली पोच मिळाली. पोच घेऊन त्या घरी गेल्या आणि काम संपल्यानंतर तेराव्या दिवशी नाला खोलीकरणाचे काम सुरू झाले.

भत्ता मिळाला नाही. तो मिळण्याची वेळच आली नाही. त्या वर्षी मजुरी ३१२ रुपये होती, भत्ता ७८ रुपये झाला असता. कोणती बाई ३१२ सोडून ७८ मागेल? "भत्ता सुरू केला तर बायका घरी बसतील," असे म्हणणाऱ्या शहाण्यांनी हे गणित एकदा मांडून पाहावे. भत्त्याचा खरा उपयोग हाच आहे की तो द्यावा लागेल या धाकाने काम निघते. पण धाक वाटायला तारीख लागते आणि तारखेला पोच लागते.

तात्पुरते काम, मग काम नाही, मग पुन्हा तात्पुरते काम, हे चक्र काही खेड्यापुरते नाही. अकोला-अमरावतीच्या औद्योगिक वसाहतींत ठेकेदाराकडे कामाला जाणाऱ्या बायकांचेही हेच आहे. कामगार विमा महामंडळाने २०१८मध्ये बेकार झालेल्या विमाधारकांसाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आणली. तीत जास्तीत जास्त नव्वद दिवसांची मदत होती आणि तीही आयुष्यात एकदाच, अशी अट होती. ठेकेदार बदलला की बेकार होणाऱ्या बाईला 'आयुष्यात एकदाच' हा शब्द काय सांगतो? जणू बेकारी देवीच्या रोगासारखी एकदा येऊन जाते! ब्रिटनमध्ये मात्र काही वर्षे अशी सोय होती की थोडे दिवस काम करून माणूस पुन्हा बेकार झाला आणि त्याची परिस्थिती बदललेली नसली, तर त्याने सगळी माहिती नव्याने न भरता छोट्या अर्जावर भत्ता पुन्हा मागायचा. तात्पुरते काम घेतल्याची शिक्षा होऊ नये, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे तो रुजायला काय हरकत आहे?

ही चर्चा आजच करण्याचे कारण आहे. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने २००५च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात शंभराऐवजी सव्वाशे दिवसांची हमी आहे. खर्चाचा चाळीस टक्के वाटा महाराष्ट्रासारख्या राज्यांवर टाकला आहे. पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षाकाठी एकूण साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची मुभा आहे. बेकारी भत्ता त्यातही आहे आणि त्याचा भार राज्यावरच आहे. म्हणजे राज्याला आता मजुरीचाही वाटा द्यायचा आणि भत्ताही. मागणी कागदावर येऊ न देण्याचा मोह वाढेल की कमी होईल, हे तुम्हीच ठरवा. आणि ते साठ दिवस कोणते? खारपाणपट्ट्यात आणि मेळघाटात हंगाम सारखे नसतात. मेळघाटातली कोरकू बाई सोयाबीन सोंगायला खाली सपाटीवर उतरते, तेव्हा दर्यापूर-अकोटकडच्या बाईची वेचणी अजून सुरूही झालेली नसते. सगळ्यांना एकच कुलूप लावले तर कोणाच्या घरी काय शिजेल याचा विचार कोणी करायचा?

माझ्या मते आपल्या मागण्या साध्या असाव्यात. शेवटच्या मस्टरच्या दिवशी कामाच्या जागीच पुढच्या मागणीचे अर्ज भरून घ्यावेत आणि तिथेच पोच द्यावी. ग्रामसभेत जसा खर्च वाचला जातो तसे गावातल्या बेकार दिवसांचे, बाईनिहाय, वाचन व्हावे. निरोपासाठी बाईचा स्वतःचा किंवा तिने सांगितलेला नंबर नोंदवावा. परित्यक्ता, विधवा, एकटी राहणारी बाई हिला भावाच्या किंवा सासऱ्याच्या कार्डातून मोकळे करून स्वतःचे कार्ड द्यावे. यात नवा पैसा फारसा लागत नाही. फक्त लपवलेले दिसायला लागेल.

आणि आपण? आपण शिबिरे घेतो, हक्कांची गाणी म्हणतो, पोस्टर लावतो. ते हवेच. पण बचत गटाच्या महिन्याच्या बैठकीत हप्त्याच्या वहीबरोबर पोचपावत्या काढून पाहणे हेही चळवळीचेच काम आहे. कोणाची मागणी कधी संपते, पुढचा अर्ज कोणी भरायचा, एवढे दर महिन्याला विचारले तरी पुष्कळ झाले. मी हे आधी विचारले असते तर एकोणीस घरांचे बेचाळीस हजार गेले नसते.

परवा त्या गावात गेले होते. कानातले अजून सावकाराकडेच आहेत. मावशीने ट्रंकेतून प्लास्टिकची पिशवी काढली; तीत रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक आणि शिक्का मारलेल्या दोन पोचपावत्या. वेगळ्या कार्डासाठी अर्ज दिला आहे, त्याचीही पोच घेतली, म्हणाली. निघताना तिने मलाच विचारले, "तुमी घेता का ताई, तुमच्या हापिसात, पोच?"

मी हसले. मग घरी येताना एस.टी.त आठवले, गेल्या वर्षी माझ्या प्रकल्पाची मुदत संपली तेव्हा पुढच्या नेमणुकीचे मीही तोंडीच विचारले होते.